हात मोकळे, मन गुंतलेले

मोटार चालवता चालवता हात न लावता टेलिफोनवर बोलता येते, असे आमच्या वडिलांना कोणी सांगितले असते, तर त्यांनी आधी क्रूसाची खूण केली असती. आज मात्र रविवारच्या मिस्सेला येणाऱ्या साध्यासुध्या गाड्यांतही ही सोय असते. खिशातला फोन खिशातच राहतो. गाडीत बसवलेल्या इवल्याशा माइकमधून आपला शब्द जातो आणि ज्या स्पीकरमधून गाणी ऐकावयाची, त्यातूनच पलीकडच्याचा शब्द येतो. स्टिअरिंगवरचे एक बटन अंगठ्याने दाबले की झाले. दोन्ही हात मोकळे, दोन्ही डोळे रस्त्यावर. मग भीती कसली, असेच आम्हीही समजत होतो. ही समजूत कशी फिटली, ते आज वाचकांना सांगावयाचे आहे. सांगताना मान खाली जाते. परंतु आमच्या लाजेने एखाद्या घरचा दिवा वाचणार असेल, तर ती सोसलीच पाहिजे.

फोन आणि मोटार यांना तारेवाचून जोडणाऱ्या या युक्तीचे नाव ब्लूटूथ. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होऊन गेला. ‘निळा दात’ हे त्याचे टोपणनाव. सुमारे ९६५ साली त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि येलिंग या गावी आईबापांच्या स्मरणार्थ उभारलेल्या शिळेवर, आपण डॅनिश लोकांना ख्रिस्ती केले, असे कोरून ठेवले. विखुरलेला मुलुख त्याने एकत्र आणला, म्हणून यंत्रायंत्रांना जोडणाऱ्या या युक्तीला १९९७ साली त्याचे नाव सुचवण्यात आले. फोनवर दिसणारी तिची खूण म्हणजे त्या राजाच्या नावाची जुन्या लिपीतील दोन आद्याक्षरे होत. जोडणे हे पुण्याचेच काम. पण ज्या दिवसाची ही हकीकत, त्या दिवशी आमच्या गाडीत तोडण्याचे बोलणे चालले होते.

२०२४ सालचा डिसेंबर महिना होता. दर दहा वर्षांनी होणारे संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन २१ नोव्हेंबरपासून जुन्या गोव्यात सुरू झाले होते. आम्ही उभयता बेळगावहून जांबोटीच्या वाटेने, चोर्ला घाटाने, पहाटेच निघालो. निघताना जपमाळेची प्रार्थना झाली. जांबोटी मागे पडली आणि फोन वाजला. बडोद्याहून धाकट्या बंधूंचा होता. आम्ही अंगठ्याने बटन दाबले.

विषय होता गावच्या घराच्या वाटणीचा. मागील दारची पडवी कोणाची आणि विहिरीची वाट कोणी सोडावयाची, यावर दोन वर्षे धुसफूस चाललेली. गाडी पळत होती आणि बोलणे चढत होते. बंधू म्हणाले, “दादा, आईचं औषधपाणी तुम्ही केलंत, पण त्याचा हिशेब असा वसूल करता होय?” हे वाक्य आमच्या वर्मी लागले. त्याला कोणते उत्तर द्यावे, ते आम्ही मनात जुळवू लागलो. कणकुंबी केव्हा मागे पडली, ते कळले नाही.

आणि एकाएकी सौभाग्यवतींची किंकाळी कानी आली, “अहो, माणूस!”

आम्ही ब्रेकवर अक्षरशः उभे राहिलो. गाडी थांबली, तेव्हा तिच्या नाकापासून दोन हातांवर एक म्हातारी उभी होती. डोक्यावरचा सरपणाचा भारा खाली पडून काटक्या रस्ताभर पसरल्या होत्या. प्रभूची कृपा म्हणून तिला खरचटलेदेखील नाही. सौभाग्यवतींनी उतरून तिला बसवले, पाणी दिले. आम्ही थरथरत्या हातांनी काटक्या गोळा करू लागलो. तेव्हा ती माउली रागाने नव्हे, नवलाने म्हणाली, “मी हात केला होता की रे बाबा. तू माझ्याकडंच बघत होतास.”

होय, आम्ही तिच्याकडेच बघत होतो. रस्ता सरळ होता, ऊन स्वच्छ होते, डोळे समोर होते. पण म्हातारी आम्हांला दिसली नव्हती. आमच्या डोळ्यांपुढे होती ती मागील दारची पडवी.

बंधूंची आठवण झाली, ती काही वेळाने. पलीकडे त्यांनी वहिनींची किंकाळी ऐकली होती, चाके रस्त्यावर घासल्याचा आवाज ऐकला होता, आणि तेवढ्यात संपर्क तुटला होता. त्या रानात फोन लागेना. घाट उतरून केरीला पोहोचेपर्यंत पाऊण तास गेला. तिथे फोन जिवंत होताच पहिली घंटा त्यांचीच आली. गाडी कडेला उभी करून आम्ही तो घेतला. तिकडून शब्द फुटत नव्हता. शेवटी एवढेच ऐकू आले, “दादा, वहिनी बऱ्या आहेत ना? पडवी तुम्हीच घ्या. मला काही नको.” त्या पाऊण तासात त्यांनी बेळगावच्या बहिणीला उठवले होते आणि देवघरात मेणबत्ती लावली होती. आम्ही दोघेही भाऊ, पन्नाशी उलटलेले, फोनच्या दोन टोकांना रडलो.

उघड्या डोळ्यांना माणूस दिसत नाही, हे कसे? मागाहून आम्ही याविषयी वाचले. १९९७ साली टोरांटोच्या दोन संशोधकांनी अपघातांत सापडलेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या. फोनवर बोलताना टक्कर होण्याचा संभव सुमारे चौपट असल्याचे त्यांना दिसले, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनानेही तो कमी झालेला आढळला नाही. अमेरिकेतील युटा विद्यापीठाच्या डेव्हिड स्ट्रेअर यांनी सहकाऱ्यांसह २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, फोनवर बोलणाऱ्या चालकाची नजर ज्या पाट्यांवर स्थिरावली होती, त्याही त्याला नंतर नीट ओळखता येत नाहीत. नजर पोहोचते, मन तिच्याबरोबर जात नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे १४ मीटर जाते. मन तीन सेकंद बडोद्याला जाऊन आले, तर तेवढ्यात आपण आंधळेपणाने ४० मीटर वाट तुडवलेली असते.

आमच्या सौभाग्यवतींनी येथे रास्त प्रश्न केला, “मग शेजारी बसून मी बोलते, त्याचं काय?” त्याचे उत्तर त्यांच्याच किंकाळीत आहे. शेजारी बसलेल्या माणसाला वळण दिसते, गुरे दिसतात, समोरचा ट्रक दिसतो. तो आपोआप गप्प होतो किंवा ओरडून सावध करतो. फोनवरच्या माणसाला यांतले काहीच दिसत नाही. तो ऐन वळणावर वर्मी लागणारे वाक्य बोलतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

कायदा २०१९ सालच्या दुरुस्तीपासून, वाहन चालवताना हातात फोन धरून वापरणे धोक्याच्या वाहनचालनात धरतो. कायद्याला हात दिसतात, मन दिसत नाही. ते काम सदसद्विवेकबुद्धीचे आहे. २००७ सालच्या जून महिन्यात व्हॅटिकनच्या एका परिषदेने वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध केल्या. त्यांतली पहिली आपल्या ओळखीचीच आहे: खून करू नकोस. रस्ता माणसांना जोडणारा असावा, जीवघेणा नसावा, असा दुसरीचा आशय आहे. संत ख्रिस्तोफरचे पदक आम्ही आरशाला टांगले होते, गाडीवर फादरांचा आशीर्वादही घेतला होता. पण आशीर्वाद घेऊन बेसावध राहणे म्हणजे देवाची परीक्षा पाहणेच नव्हे काय?

तेव्हापासून आमच्या घरी दोन नियम झाले. गाडी चालू असताना फोन वाजला, तर शेजारी बसलेल्याने तो घ्यावा. शेजारी कोणी नसेल, तर फोनने वाजत राहावे. आणि आपण कोणाला फोन केला, तर पहिला प्रश्न प्रकृतीचा नव्हे, “गाडी चालवतोस का?” हा विचारावा. “होय” म्हटले, की “पोहोचल्यावर बोलू” म्हणून ठेवून द्यावा. दुसरा नियम आम्हांला अधिक मोलाचा वाटतो. गाडीतल्या माणसाचा जीव घरी बसून फोन लावणाऱ्याच्याही हाती असतो, हे आपण विसरतो.

वाटणीचे बोलणे पुढे ईस्टरच्या सुटीत झाले. त्याच पडवीत, समोरासमोर बसून. बंधूंनी ती आम्हांला देऊ केली, आम्ही त्यांना देऊ केली, आणि यावरूनही थोडा वाद झालाच. अखेर मध्ये भिंत न घालण्याचे ठरले. विहिरीची वाट अजून ठरावयाची आहे. पण त्याविषयीचा फोन आला, की आम्ही खुर्ची ओढून बसतो, आणि मगच “बोल” म्हणतो.