अडलेला दांडा आणि तीन विझलेले दिवे

एप्रिलातल्या एका सकाळी, महाविद्यालयात निघायच्या घाईत, आमच्या मोटारीचा गियरचा दांडा ‘पी’वर अडून बसला. इंजिन सुरू, ब्रेकवर पाय, आणि दांडा जागचा हलेना. आम्ही दोघे मराठीचे प्राध्यापक. एकाच विभागात, एकाच घरात आणि एकाच मोटारीत. यंत्राशी आमचे नाते त्याला नावे ठेवण्यापुरते. स्वयंचलित गियरची ही जुनी मोटार घेतली तीसुद्धा आमच्यापैकी एकाच्या गुडघ्याने क्लचशी असहकार पुकारला म्हणून.

एका परिचितांनी फोनवरून उपाय सांगितला. दांड्याशेजारी प्लास्टिकचे चिमुकले झाकण असते. ते उचकटून खाचेत किल्ली दाबली की दांडा सुटतो. सुटला! ही सोय अडीनडीला गाडी बाजूला घेता यावी एवढ्यासाठीच असते, हे पुस्तिकेत लिहिलेले आम्ही पुढे वाचले. (पुस्तिका शेवटी वाचायची, ही आम्हां साहित्यवाल्यांची जुनी खोड.) तोवर आठ दिवस आम्ही तो उपाय नित्याचाच करून टाकला. कधी दांडा निमूट सुटे, कधी अडे. अडला की किल्ली. त्याच आठ दिवसांत आईला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो. परतताना अंधार पडला होता. एका गतिरोधकापाशी आमच्या मागच्या मालट्रकने करकचून ब्रेक दाबले आणि लांबलचक हॉर्न दिला. महामार्गावरील असभ्यता या विषयावर आम्ही सोलापूर येईपर्यंत बोलत होतो.

दरम्यान एका गॅरेजात दाखवून झाले होते. तिथे दांड्याची सबंध जोडणीच बदलावी लागेल, असे सांगून जो आकडा सांगितला तो ऐकून आम्ही चहासुद्धा न घेता परतलो. अखेर एका सहकाऱ्याने शहरातल्या एका मोटार-वायरिंगवाल्याचा पत्ता दिला. पत्र्याची शेड, स्टूल, एक मल्टीमीटर. आम्ही दांड्याची कर्मकथा सांगू लागलो. त्याने ती अर्धीही ऐकली नाही.

“मॅडम, तुम्ही मागं जाऊन उभं राहा. सर, ब्रेक दाबा. लागला का लाईट?”

नव्हता लागला. डावा नाही, उजवा नाही, काचेतला तिसराही नाही.

“तिन्ही बल्ब एकदम जात नसतेत,” तो म्हणाला, आणि दांड्याकडे ढुंकूनही न पाहता ब्रेकच्या पायपट्टीखाली डोके घालून आडवा झाला.

इथे आम्ही मनोमन ओशाळलो. एम. ए.च्या वर्गाला पाठचिकित्सा आम्हीच शिकवतो. तीन पोथ्यांत एकाच जागी एकच चूक आढळली, तर तीन लेखनिक स्वतंत्रपणे चुकले असे आपण मानत नाही. तिघांनी ज्या प्रतीवरून उतरवून घेतले तिचा शोध घेतो. हे फळ्यावर वंशवृक्ष काढून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो, आणि स्वतःच्या गाडीपाशी मात्र एकच पोथी हातात धरून तिलाच दूषणे देत बसलो.

मूळ प्रत होती पायपट्टीवरचा ब्रेकचा स्विच. पाय वर असताना पट्टी त्याची दांडी दाबून धरते आणि प्रवाह तुटलेला राहतो. पाय दाबला की दांडी बाहेर येते, प्रवाह जोडला जातो. तिथून एक वाट मागच्या दिव्यांना जाते, दुसरी दांड्यापाशी. दांड्याखाली तारेचे वेटोळे आणि त्यात एक लोखंडी खिट्टी असते. वेटोळ्यात वीज आली की खिट्टी ओढली जाते आणि दांडा मोकळा होतो. वीज नाही, तर अडसर कायम, रचनाच तशी.

आधी त्याने फ्यूज काढून पाहिला. शाबूत. मग स्विचच्या एका बाजूला मीटर लावले: बारा व्होल्ट. पाय दाबून दुसऱ्या बाजूला लावले: शून्य. तारेच्या तुकड्याने त्याने दोन्ही टोके क्षणभर जोडली. मागे भिंतीवर तांबडा उजेड पडला आणि दांड्याखाली ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. तो आवाज आमच्या अद्याप कानांत आहे. स्विचच्या आतली जोडबिंदू जळून काळी पडली होती; कधी टेकत, कधी नाही.

या अडसराच्या जन्मकथेतही वाचनाचाच घोटाळा आहे. अमेरिकेत ऑडीच्या मोटारी ‘पी’वरून दांडा काढताच आपोआप उसळतात, अशी ओरड झाली, नोव्हेंबर १९८६ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने ती घरोघर नेली. १९८७ मध्ये कंपनीने त्या गाड्यांत ब्रेक दाबल्याविना दांडा न सोडणारा अडसर बसवला. १९८९ च्या सरकारी अहवालात निष्पन्न झाले ते असे, की चालकांचा पाय प्रामुख्याने ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडत होता. अडसर मात्र टिकला, आणि १ सप्टेंबर २०१० पासून तिथे बनणाऱ्या ‘पी’ असलेल्या स्वयंचलित गाड्यांना तो सक्तीचा झाला. असो.

नवा स्विच बसवताना तो सहज बोलला, “आमचे वडील मागावर होते, सर. आडवा धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. माग बिघडला म्हणून कुणी ओरडत नव्हतं. धागा बघायचे.” मग किल्लीच्या ओरखड्यांनी भरलेले ते चिमुकले झाकण पाहून विचारले, “असं किती दिवस चालवली?”

आम्ही आठ दिवस म्हणालो. तो काही बोलला नाही. मजुरी त्याने मागितली ती आम्ही एका वेळी जेवणावर खर्च करतो त्याहून कमी.

हल्ली आम्ही गाडी भिंतीला पाठ लावून उभी करतो. सकाळी निघताना एकजण ब्रेक दाबतो, दोघेही आरशात पाहतो. भिंत तांबडी झाली की दांड्याला हात. आई मागे बसलेली असली तर विचारते, “रोज आरशात काय बघता रे?” तुळजापूरच्या रस्त्यावर तो ट्रकवाला काय सांगत होता, हे तिला आम्ही अजून सांगितलेले नाही.