तेराचा पंखा की अकराचा?

दोस्तांनो, पुसदला स्पीडबोट आहे असं कुणी सांगितलं तर तुम्ही विश्वास ठेवाल? माझा भाचा तर पोट धरून हसला. तो मुंबईचा, नववीतला. समुद्र रोज बघणारा. त्याच्या मते पुसद म्हणजे डोंगर, घाट, कापूस आणि ज्वारी. फार तर वसंतराव नाईकांचं गहुली गाव, म्हणजे सामान्यज्ञानाच्या परीक्षेत हमखास येणारा प्रश्न. गावातून वाहणारी पूस नदी त्यानं मे महिन्यात पाहिली होती. "मामा, हिच्यात स्पीडबोट चालवायची तर आधी टँकर मागवावा लागेल," असं म्हणून तो मोकळा झाला.

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला घेऊन शेंबाळपिंपरीच्या बाजूनं इसापूरला गेलो.

पैनगंगेवरचं इसापूरचं धरण १९८२ साली पूर्ण झालं. मातीचं धरण, उंची ५७ मीटर आणि लांबी चार किलोमीटरांहून थोडी जास्त. भिंतीवर उभं राहिलं की समोर पाणीच पाणी! अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. उन्हाळ्यात पाणी बरंच खाली गेलेलं असतं, तरीही पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसतात. भाच्याचं हसू तिथंच थांबलं.

पाण्याच्या कडेला एक फायबरची नाव बांधलेली होती. पंधरा फूट लांब, मागच्या फळीला २५ हॉर्सपॉवरचं एकच इंजिन टांगलेलं. चार मच्छीमार कुटुंबांनी मिळून घेतलेली जुनी नाव ही. एरवी जाळ्यांची ने-आण करते. पावसाळ्यात मात्र तिचं काम बदलतं. धरण भरलं की बॅकवॉटरच्या कडेच्या एका वस्तीचा कच्चा रस्ता पाण्याखाली जातो. मग दवाखाना असो की बाजार, या नावेशिवाय सोय नाही. पाण्यातून अंतर साधारण पाच किलोमीटर. मागच्या पावसाळ्यात एका आजारी आजीला घरच्या माणसांसह पलीकडे न्यायला जवळजवळ वीस मिनिटं लागली होती. आजी वाचल्या, पण ती वीस मिनिटं नावेतलं कुणीच विसरलेलं नाही. म्हणून यंदा चौघांनी पैसे जमवले होते. पैसे थोडे होते. नावेत एकच सुधारणा करता येणार होती, आणि ती पाऊस पडायच्या आत.

आता एकच सुधारणा म्हणजे कोणती?

भाच्याकडे यादी तयार होती! स्पीडबोटींची चित्रं बघून बघून तो पक्का तज्ज्ञ झालेला. ४० हॉर्सपॉवरचं इंजिन, स्टीलचा चकचकीत प्रोपेलर, इंजिनाला लावायचे पंख, शिवाय पुढे टोकदार काच. नाव सांभाळणाऱ्या काकांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "बाबू, नाव पळवाची हाय का माणसं न्याची हायेत, हे आधी सांग. मंग सामान आणू."

भाचा म्हणाला, "काका, पळाली की माणसंही लवकर पोचतीलच ना!"

"बस मंग नावेत. पाहू."

काकांनी आम्हाला लाइफ जॅकेट घालायला लावलं, दोऱ्या आवळून घ्यायला लावल्या. इंजिनाच्या लाल बटणाची वळवळती दोरी स्वतःच्या मनगटाला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर ही दोरी निघते आणि इंजिन बंद पडतं. नाहीतर बिनमाणसाची नाव गोल फिरून पडलेल्यावरच यायची.

आधी काका एकटेच गेले. नाव थोडी नाक वर करून धावली, मग सपाट झाली आणि पाण्यावरून अक्षरशः घसरत निघाली. त्यांच्या खिशातल्या मोबाइलनं वेग सांगितला, ताशी ४१ किलोमीटर. भाचा टाळ्या वाजवत होता.

मग आम्ही सहा जण बसलो. त्या नावेवरच्या पाटीवर लिहिलेली मर्यादा तेवढीच. काकांनी मूठ पूर्ण पिळली. इंजिन ओरडू लागलं, नाव नाक वर करून बसली आणि मागं ही मोठी लाट! पण पुढं? बैलगाडी चिखलात रुतावी तसं झालं. वेग १६. प्लगच्या वायरला गुंडाळलेलं एक छोटं मीटर इंजिनाचे फेरे दाखवत होतं. मिनिटाला ३६०० वर काटा अडकला. या इंजिनानं पूर्ण मूठ पिळल्यावर ५००० ते ६००० फेरे घ्यायला हवेत, असं त्याचं पुस्तक सांगतं. म्हणजे इंजिन दमलं होतं. सायकलचा जड गिअर टाकून चढ चढताना तुमची जी गत होते, तीच त्याची.

तुमच्या लक्षात आलं का, नावेची चाल दोन तऱ्हेची असते? सावकाश जाताना ती पाणी बाजूला सारत, पाण्यात बसून जाते. पुरेसा जोर मिळाला की ती पाण्यावर चढते. मग तिचा थोडाच भाग ओला राहतो आणि ती सुसाट निघते. या दोन्हींच्या मध्ये एक चढण असते. ती ओलांडली तरच स्पीडबोट, नाहीतर नुसती आवाज करणारी होडी. आमची नाव त्या चढणीवरच अडली होती.

काठावर आल्यावर काकांनी पिशवीतून एक जुना पंखा काढला. प्रोपेलरला इथं सगळे पंखाच म्हणतात. एका पात्याला टवका उडालेला, तो कानशीनं घासून सारखा केलेला. नावेला लावलेल्या पंख्यावर १३ आकडा होता, याच्यावर ११. व्यास जवळपास तोच. मग हे आकडे कसले?

हा आकडा म्हणजे पंख्याचा पिच. स्क्रू लाकडात फिरवला की एका फेऱ्यात तो ठरावीक अंतर आत जातो, हो ना? तसंच. पाणी लाकडासारखं घट्ट असतं, तर १३ चा पंखा एका फेऱ्यात १३ इंच, म्हणजे सुमारे ३३ सेंटिमीटर पुढे गेला असता. आता गणित करा. इंजिनाचे ५५०० फेरे. खालच्या गिअरमध्ये ते साधारण निम्मे होतात, म्हणजे पंख्याचे २७५० फेरे. त्याला ३३ सेंटिमीटरनं गुणा. मिनिटाला ९०७ मीटर, तासाला सुमारे ५४ किलोमीटर! पण पाणी निसटतं, त्यामुळे पाचवा-सहावा हिस्सा असाच वाया जातो, आणि ओझं वाढलं की त्याहून कितीतरी जास्त. ११ च्या पंख्याची उडी २८ सेंटिमीटरची. उडी लहान, पण इंजिनाला हलकी. हा झाला चढावरचा गिअर.

पंख्याची एक गंमत सांगायलाच हवी. जहाजाला स्क्रू लावून बघणाऱ्यांपैकी एक होता फ्रान्सिस पेटिट स्मिथ. कोण होता हा? इंग्लंडमधला एक शेतकरी! १८३५ साली त्यानं स्प्रिंगवर चालणारी खेळण्यातली नाव आपल्या शेतातल्या तळ्यात सोडून पाहिली. मग खरी बोट बांधली आणि तिला लाकडी स्क्रू लावला, दोन पूर्ण वेढ्यांचा. १८३७ मध्ये लंडनजवळच्या कालव्यात त्या स्क्रूचा अर्धा भाग तुटून पडला. आता बोट थांबणार, असं वाटलं. तर ती आधीपेक्षा जोरात पळू लागली! जास्त मोठा म्हणजे जास्त चांगला, हा हिशेब पाण्यात चालत नाही, हे त्याला असं मोडतोडीतून कळलं. पुढे १८४५ मध्ये इंग्रज आरमारानं पंख्याचं 'रॅटलर' आणि वल्ह्यांच्या चाकांचं 'अलेक्टो' ही दोन जहाजं पाठीला पाठ बांधून रस्सीखेच लावली. रॅटलरनं अलेक्टोला उलटं ओढत नेलं. शेततळी काय आपल्याकडेही आहेत म्हणा!

तर, पंखा बदलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. पात्याच्या आणि वरच्या पट्टीच्या मध्ये लाकडाचा ठोकळा अडकवायचा, म्हणजे पंखा फिरत नाही. पिन सरळ करून काढायची, नट सोडायचा, पंखा ओढायचा. जाळ्याचा एक धागा दांड्याभोवती गुंडाळला होता तो काकांनी चाकूनं कापला, ग्रीस लावलं आणि ११ चा पंखा चढवला.

पुन्हा सहा जण बसलो. इंजिन ओरडलं, नाव नाक वर करून क्षणभर घुटमळली. काका म्हणाले, "पुढं सरका दोघं जण." भाचा आणि मी पुढच्या फळीवर गेलो आणि... चढली! नाक खाली आलं, मागची लाट पातळ झाली. ताशी २९, काटा ५१०० वर.

मग काका एकटे गेले. ३७. काटा ६००० कडे धावू लागला, तेव्हा त्यांना मूठ जरा सैल करावी लागली. हलका गिअर सपाटीवर नुसता गरगरतो, तसंच हे.

भाच्यानं वहीत मांडलं. पाच किलोमीटरला रिकाम्या नावेला १३ च्या पंख्यानं ७ मिनिटं १९ सेकंद, ११ च्यानं ८ मिनिटं ६ सेकंद. भरलेल्या नावेला १३ च्यानं पावणेएकोणीस मिनिटं, ११ च्यानं सव्वादहा मिनिटांच्या आसपास. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. रिकाम्या नावेचं पाऊण मिनिट द्यायचं आणि भरलेल्या नावेची साडेआठ मिनिटं घ्यायची. मला वाटतं, आजींची गोष्ट तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात शिरली.

तरी यादी त्यानं इतक्यात सोडली नाही. "मग स्टीलचा ११ चा घ्या ना!" स्टीलची पातं पातळ असतात, जोर लावला तरी कमी वाकतात, त्यामुळे वेग थोडा वाढतो, हे अगदी खरं. पण धरणाच्या पोटात काय काय असतं बघा. बुडालेल्या झाडांची खोडं, जुन्या बांधांचे दगड. पाणी उतरलेलं असताना ते सगळं अगदी वर आलेलं असतं. ॲल्युमिनियमचा पंखा दगडावर आपटला तर त्याचं पातं वाकतं, पण बरेचदा आतले गिअर वाचतात. समुद्रात खोल पाण्यात स्टील लावावं. इथं नको. ४० चं इंजिन? त्या नावेच्या पाटीवर इंजिनाची मर्यादा ३० लिहिली होती. मागची फळी तेवढ्यासाठीच बांधलेली.

बिनपैशाच्या सुधारणा मात्र दुपारभर चालल्या. इंजिन जवळजवळ तीन बोटं खाली बसवलेलं होतं. पंख्याच्या वरची आडवी पट्टी नावेच्या तळाच्या पातळीत हवी. फार खाली असेल तर इंजिनच ब्रेकसारखं पाणी अडवतं, फार वर असेल तर पंखा हवा ओढतो आणि नुसताच भिरभिरतो. आम्ही ते वर घेतलं. पेट्रोलची टाकी मागच्या कोपऱ्यातून मध्ये आणली. तळाचं शेवाळ नारळाच्या शेंडीनं घासलं. फळ्यांखालून किती पाणी निघालं असेल? चार बादल्या! म्हणजे चाळीसएक किलो वजन ती नाव रोज उगाचच फिरवत होती. भाच्यानं बादल्या मोजल्या आणि म्हणाला, "अख्खा एक सातवीतला मुलगा!"

इंजिन टांगून नाव चालवायची ही युक्ती कुणाची, असंही त्यानं विचारलं. तसे प्रयत्न काही जणांनी केले, पण ती घरोघर पोचवली ओले एव्हिनरूडनं. नॉर्वेत जन्मलेला, अमेरिकेत वाढलेला माणूस. असं सांगतात, की एका कडक उन्हाळ्यात तो मैत्रिणीसाठी आइस्क्रीम आणायला तळ्यात होडी वल्हवत गेला आणि परत येईपर्यंत त्याचं पाणी झालं. १९०९ पासून त्याची इंजिनं विकली जाऊ लागली. मैत्रीण बेस पुढे त्याची बायको झाली आणि धंद्याचा हिशेबही तिनंच सांभाळला.

संध्याकाळी चहा पिताना काकांनी २०२३ च्या जुलैची आठवण काढली. २२ तारखेला आपल्या जिल्ह्यात महागाव तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुरानं वेढा घातला होता. अडकलेल्या माणसांसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं बोलवावी लागली होती. पूस नदी महागाव तालुक्यातच हिवरा संगमला पैनगंगेला मिळते, त्यामुळे पुसदकरांना ते पाणी परकं नाही. पुराच्या धारेत आपली ही छोटी नाव घालायची नाही, हे काकांनी तीनतीनदा बजावलं. तिथं शिकलेले जवान लागतात. "पण धरणाच्या संथ पाण्यात," ते म्हणाले, "भरली नाव चढली पाह्यजे. रिकामी कोणाले नेते?"

जमलेल्या पैशांत ॲल्युमिनियमचा नवा ११ चा पंखा घ्यायचं ठरलं. उरतील त्यात मुलांच्या मापाची दोन लाइफ जॅकेटं. उसना जुना पंखा ज्याचा त्याला परत जाणार होता. १३ चा मात्र टाकायचा नाही. नवा कधी दगडावर आपटलाच तर हाच लावून काठापर्यंत येता येईल. भाच्यानं तो पुसून, ग्रीसचं बोट फिरवून पोत्यात बांधला. पोत्यावर खडूनं मोठं १३ लिहिलं आणि खाली बारीक अक्षरात 'फक्त काका एकटे असताना'.

परतीच्या एसटीत तो खिडकीशी बसला होता. घाट लागला, ड्रायव्हरनं गिअर बदलला, गाडीचा आवाज चढला.

"मामा," तो म्हणाला, "ह्यांनी अकराचा लावला."