आबांना वाचून दाखवताना

भोरला आमच्या घरी संध्याकाळी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं जायचं, ते थोरल्या चुलत्यांसाठी. आबांची दृष्टी लहानपणीच गेलेली. पुण्यात १९३४ साली सुरू झालेल्या अंधशाळेत ते ब्रेल शिकले आणि गावी परतले. बोटांना वाचता येत होतं, पण हाताशी पुस्तकं नव्हती. ब्रेलमधली एक कादंबरी म्हणजे जाड कागदाचे कितीतरी खंड. अंधांच्या टपालाला तिकीट लागत नसे, म्हणून अधूनमधून एखादी यायची तरी. पुढे बोलक्या पुस्तकांच्या कॅसेटी आल्या. कॅसेट दीड तासाची, त्यामुळे जाडजूड कादंबरीला दहा-बारा सहज लागत. वीज गेली की टेपरेकॉर्डर गप्प, आणि भोरच्या पावसात वीज जायचीच. मग उरायचो आम्ही मुलं.

त्या वाचनाची मला आजही ओढ वाटते. भातलावणीच्या दिवसांत सगळं घर दमून आलेलं, बाहेर पाऊस कोसळतोय, कंदील मोठा केलेला आणि कुणाच्या तरी मांडीवर पेपर. आत्या राजकारण गाळून थेट निधनवार्तांवर यायची. धाकटा भाऊ क्रिकेट सोडून बाकी सगळं भरभर उरकायचा. आजोबा अग्रलेख वाचता वाचता थांबत, स्वतःचं मत सांगत आणि मग घरात वाद रंगे. आबा आवाजावरून ओळखत, कोण रुसलंय, कुणाला झोप आलीय.

पण ही ओढ माझी आहे, आबांची नाही. ते स्पष्ट सांगतात, ‘मी वाचलं ते तुम्हाला वाचावंसं वाटलं ते.’ त्यांच्या नावाने आलेलं पत्र त्यांच्या आधी घरातल्या दोघा-तिघांना ठाऊक व्हायचं. पासबुकातली शिल्लक दुसऱ्याने मोजून सांगायची. एखादं पान आवडलं तर ‘परत वाच’ म्हणायचा संकोच. या बाजूचा विचार आमच्या आठवणींत फारसा येत नाही, आणि म्हणूनच तो मला महत्त्वाचा वाटतो.

संगणकावर ‘एनव्हीडीए’ आलं तेव्हा हे बदलू लागलं. ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेला हा पडदावाचक फुकट मिळतो, आणि खेड्यातल्या माणसासाठी ‘फुकट’ हीच मोठी गोष्ट होती. त्यासोबत येणारा ‘ई-स्पीक’ हा आवाज मराठीही बोलतो. मात्र तो माणसाच्या बोलण्यातून घेतलेला नाही, गणिताने घडवलेला आहे. म्हणून खरखरीत, सपाट, सगळी वाक्यं एकाच सुरात. घरातल्यांना तो दोन मिनिटं ऐकवेना. आबांनी मात्र वेग वाढवत वाढवत त्यावर वर्तमानपत्रं संपवली. कान तयार झाला की तो आवाज नुसता मजकूर देतो, मध्ये लुडबुड करत नाही, असं त्यांचं म्हणणं.

कादंबरीला मात्र तो पुरेना. तासन् तास ऐकायचं तर आवाजाला श्वास हवा, स्वल्पविरामाला थांबणं हवं, प्रश्नाला चढ हवा. माणसाच्या ध्वनिमुद्रणांवरून शिकणारे नवे आवाज आले आणि हे मिळालं. मायक्रोसॉफ्टचे आरोही आणि मनोहर हे दोन मराठी आवाज आता ब्राउझरमध्येच पान वाचून दाखवतात. आबांनी आरोहीच्या आवाजात पहिल्यांदा एक अख्खं पुस्तक ऐकलं, तेव्हा जेवायला हाक मारली तरी उठले नाहीत. मजकूर मिळणंही सोपं झालं. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात अपंगांसाठीच्या प्रतींना सूट दिली, अंधांना वाचता येतील अशी पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला माराकेश करार सर्वांत आधी भारताने २०१४ मध्ये मान्य केला आणि २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय उघडलं.

तरी आमच्या भागात एक अडचण उरतेच. हे जिवंत वाटणारे आवाज बहुतेक दूरच्या सर्व्हरवरून येतात. भोर शहरात ठीक, पण वेल्ह्याच्या वर, आता ज्याला राजगड तालुका म्हणतात तिथे, केळद-पासलीकडे डोंगराआड गेलं की रेंज जाते आणि आरोहीही जाते. तिथे जुना खरखरीत आवाजच कामी येतो, कारण तो काही एमबीत मावतो आणि नेटवर अवलंबून नाही. म्हणून माणसासारखा बोलणारा आणि नेटशिवाय साध्या फोनवर चालणारा मराठी आवाज हवा, असं मला कळकळीने वाटतं. शहरातल्या वाचकापेक्षा डोंगरातल्या वाचकाला त्याची गरज जास्त, कारण त्याला वाचून दाखवणारी मुलं आता पुण्या-मुंबईला कामाला गेली आहेत.

मजकुराचीही तीच तऱ्हा. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये जुळवलेलं मराठी पुस्तक यंत्राला निव्वळ बाराखडीचा चुरा वाटतो. स्कॅन केलेला कागद तर त्याच्या लेखी चित्रच. आधी त्यातली अक्षरं ओळखून घ्यावी लागतात. आणि अक्षरं सापडली तरी उच्चार सापडतोच असं नाही. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ दोन तऱ्हांनी बोलले जातात, पण लिहिले एकाच तऱ्हेने जातात. कुठला कधी, हे संदर्भावरून कळतं. गावांच्या नावांत तर यंत्र हमखास अडखळतं.

यावर आबांनी उपाय शोधलाय. एनव्हीडीएमध्ये स्वतःचा उच्चारकोश भरता येतो. शब्द द्यायचा आणि तो कसा म्हणायचा ते लिहायचं. भाटघर, गुंजवणी, नसरापूर, आंबवडे अशी एकेक नावं ते त्यात भरताहेत. परवा मला फोन करून विचारलं, ‘तुझ्या आजोळच्या वाड्या कोणकोणत्या, त्यांची नावं नीट सांग.’