कधीची आहे, ते सांग

महिना म्हणजे काय, असं कुणी आपल्याला झोपेतून उठवून विचारलं तर आपण काय सांगू? एक तारखेला पगार, पाच तारखेला ईएमआय, पंचवीसला क्रेडिट कार्डाचं बिल आणि तीसला टाइमशीट. मार्च असेल तर मग बघायलाच नको! कॅलेंडर ही आपली वस्तू राहिलेलीच नाही. ते एचआरचं आहे, अकाउंट्सचं आहे, क्लायंटचं आहे. आपण फक्त त्यातल्या लाल चौकोनांवर डोळा ठेवून असतो.

त्यामुळे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणीतरी चक्क कवितांचं कॅलेंडर काढलं होतं, जानेवारीचा एक खंड, फेब्रुवारीचा एक, असे थेट डिसेंबरपर्यंत बारा खंड, हे कळल्यावर माझी पहिली प्रतिक्रिया होती, ‘काय रिकामटेकडे लोक असतील!’ पण गंमत म्हणजे ते अजिबात रिकामटेकडे नव्हते. त्यातला एक तर सरळसरळ आपल्यातलाच होता. ऑफिसात बसून खर्डेघाशी करणारा.

त्याची आणि माझी गाठ पडली ती लंडनमध्येच. २०१९ मध्ये मी सहा महिने तिथे ऑनसाइट होते. क्लायंट वकिलांची फर्म. काम काय, तर जुन्या कागदपत्रांचा डेटा एका सिस्टीममधून उचलून दुसऱ्या सिस्टीममध्ये नीट बसवायचा. ऑफिस होबर्न स्टेशनजवळ. ऊन पडलं की सगळी जनता सँडविच घेऊन लिंकन्स इन फील्ड्स नावाच्या बागेत पसरायची, मीही जायचे. शेजारीच लिंकन्स इन, म्हणजे बॅरिस्टर लोकांची शेकडो वर्षं जुनी वसाहत. एकदा सहज नेटवर शोधलं, की वकील सोडून इथे आणखी कोण कोण राबून गेलं? त्यात सापडला विल्यम वोटी. सॉलिसिटरच्या हाताखालचा कारकून. दिवसभर कायद्याच्या कागदांच्या नकला करायच्या आणि उरलेल्या वेळात कविता. टोपणनाव काय घेतलं होतं पठ्ठ्याने? ‘लिंकन्स इनचा जेमी कॉपीवेल’. म्हणजे ‘नीट नक्कल करणारा जेमी’! दिवसभर कॉपी-पेस्ट करणाऱ्या माझ्यासारखीला हा माणूस न आवडून कसं चालेल?

त्याचे विषयही मोठे मजेदार. १७६० च्या त्याच्या संग्रहात बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूवर कविता आहे. ‘व्हाइट कंड्युट हाउस’वर त्याने लिहिलंय. हे इस्लिंग्टनमधलं चहाचं उद्यान. रविवारी सुट्टी मिळाली की दुकानातली, कचेऱ्यांतली मंडळी तिथे चहा प्यायला लोटायची. थोडक्यात, अठराव्या शतकातला वीकेंड.

या वोटीला जोडीदार मिळाला फ्रान्सिस फॉक्स. हा केंट परगण्यातल्या ऑर्पिंग्टनचा पाद्री, ग्रीक कवितांचा भाषांतरकार. एक कारकून, एक पाद्री. दोघांनी मिळून १७६३ साली ‘द पोएटिकल कॅलेंडर’ काढलं. मुखपृष्ठावर त्यांनी स्वच्छ सांगून टाकलं होतं, की हा दुर्मिळ आणि मोलाच्या कवितांचा संग्रह आहे आणि तो मिस्टर डॉड्स्लींच्या संग्रहाची पुरवणी म्हणून वाचावा.

पुरवणी! बिचाऱ्यांनी स्वतःला मुख्य अंकसुद्धा म्हणवून घेतलं नाही.

हा डॉड्स्ली म्हणजे त्या काळातलं बडं प्रस्थ. सुरुवात केली ती श्रीमंतांच्या घरी गणवेशातला नोकर म्हणून आणि पुढे झाला लंडनचा नामांकित प्रकाशक. १७४८ ते १७५८ या काळात त्याने सहा खंडांत समकालीन कवितांचा संग्रह काढला. त्यात नाव आलं की कवी ‘लागला’. थॉमस ग्रेची ती दफनभूमीवरची प्रसिद्ध शोककविताही त्यात आहे. म्हणजे क्रीम आधीच गेलेलं. आता उरलेल्यांचं काय करायचं? आणि ते कुठल्या क्रमाने लावायचे?

मला वाटतं, वोटी आणि फॉक्सची खरी युक्ती इथे आहे. त्यांनी थोर कवी आधी आणि किरकोळ नंतर असं काही केलं नाही. त्यांनी सरळ भिंतीवरचा क्रम उचलला. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च...

तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं? पण सरकारी हिशेबात हा क्रम तेव्हा तसा नवाच होता. इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष पूर्वी २५ मार्चला सुरू व्हायचं. १ जानेवारीला ते सुरू झालं १७५२ पासून. त्याच वर्षी जुनं कॅलेंडर टाकून नवं घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी १४ सप्टेंबर उजाडला. मधले अकरा दिवस गायब! (ब्रिटनचं टॅक्सचं वर्ष आजही ६ एप्रिलला सुरू होतं. त्याचं मूळ याच २५ मार्चमध्ये आणि या अकरा दिवसांत आहे. मार्च एंडची पीडा तिकडेही जुनीच.) म्हणजे ‘जानेवारी, खंड पहिला’ असं छापलं तेव्हा १७६३ मध्ये ते सरकारी वर्षाशीही जुळत होतं.

निसर्गाच्या चक्रावर कविता त्याआधीही होत्याच. जेम्स थॉमसन नावाच्या स्कॉटिश कवीने १७२६ मध्ये ‘विंटर’ लिहिली आणि १७३० मध्ये चारही ऋतू एकत्र करून ‘द सीझन्स’ काढलं. ते तुफान चाललं. पुढे हायडनने त्यावर बेतलेलं संगीत केलं, तेही गाजलं. पण ऋतू आणि महिना यांत फरक आहे. ऋतू आभाळात असतो, महिना कागदावर. ऋतू शेतकऱ्याचा, महिना चाकरमान्याचा. घरभाडं, पगार, कोर्टाच्या तारखा हे सगळं महिन्यावर चालतं. लिंकन्स इनच्या कारकुनाला हे कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या कॅलेंडरने त्याचा दिवस खाल्ला, त्याच कॅलेंडरच्या कप्प्यांत त्याने कविता भरून ठेवल्या.

हे खंड आज स्कॅन करून नेटवर फुकट मिळतात. मी ते ट्यूबमध्ये, मोबाइलवर वाचले. छपाई जुनी. त्यात ‘एस’ हे अक्षर लांबट, थेट ‘एफ’सारखं दिसतं. त्यामुळे ‘सन’ म्हणजे सूर्य आहे तिथे मी ‘फन’ वाचायची. खरं सांगायचं तर बऱ्याच कविता ठोकळेबाज आहेत. देवतांना हाका, एकांताची स्तुती, कुणाच्या तरी थडग्यावरचे चार शब्द, भाषांतरं. खंडावर नाव जूनचं, म्हणून आतली प्रत्येक कविता जूनची असंही नाही. पण वाचत वाचत डिसेंबरपर्यंत आले आणि थबकले.

वर्षाच्या शेवटाला तिथे विल्यम कॉलिन्स भेटतो.

कॉलिन्स चिचेस्टरच्या टोपीवाल्याचा मुलगा. जन्म २५ डिसेंबर १७२१. ऑक्सफर्डला शिकला, मोठी स्वप्नं घेऊन लंडनला आला. पंचविशीत ओड्सचं छोटंसं पुस्तक काढलं. ते खपलंच नाही. उरलेल्या प्रती त्याने पुढे विकत घेऊन जाळल्या, असं सांगतात. थॉमसन गेला तेव्हा त्याच्यावर सुंदर शोककविता लिहिली ती यानेच. मग मनाचा आजार जडला. १७५९ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो चिचेस्टरमध्ये गेला. ज्या शहरात नाव काढायला तो आला होता, त्या लंडनमध्ये कुणाला फारसं कळलंही नाही.

चार वर्षांनी या कारकून-पाद्री जोडीने त्याच्या कविता आपल्या कॅलेंडरात पुन्हा छापल्या. आणि डिसेंबरच्या खंडात त्याच्यावर चार शब्द लिहिले ते कुणी? डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन यांनी. होय, १७५५ च्या त्या जगप्रसिद्ध डिक्शनरीवाल्यांनीच. जॉन्सन कॉलिन्सला ओळखत होते. त्याची कर्जं, त्याची हुशारी, त्याची पडझड सगळी जवळून पाहिलेली. १७८१ मध्ये त्यांनी कॉलिन्सचं चरित्र लिहिलं, तेव्हा हा जुना मजकूर तसाच आत घेतला. गंमत अशी, की कवितेवर ते फार खूश नव्हते. शब्दांचा क्रम उगीच उलटापालटा करतो, भाषा जडबंबाळ होते, अशा तक्रारी त्यांनी केल्याच. पण माणसाची आठवण मात्र मायेने काढली. कविता नापास आणि मित्र पास! पुढे वर्ड्सवर्थने कॉलिन्सच्या आठवणीत कविता लिहिली. आज त्याच्या ‘ओड टू ईव्हनिंग’शिवाय अठराव्या शतकाचा कुठलाही बरा संग्रह पुरा होत नाही. पण १७६३ मध्ये हे कुणालाही माहीत नव्हतं. दोघांनी फक्त त्याला कॅलेंडरात जागा दिली.

तेव्हा मला हा किस्सा नुसता छान वाटला होता. लंच टेबलवर सांगण्याजोगा. २०२१ च्या मे महिन्यानंतर तो किस्सा राहिला नाही.

त्या मेमध्ये माझा एक मित्र कोविडने गेला. आधीच्या कंपनीत आम्ही शेजारी बसायचो. तो ऑडिटमध्ये होता आणि कविता करायचा. ब्लॉग नाही, दिवाळी अंक नाही, काही नाही. मला मेल करायचा. विषय ठरलेला, ‘लंचनंतर वाच’. मी उत्तर द्यायचे, ‘तिसरी ओळ भारी’ किंवा ‘कळली नाही रे’. एवढाच आमचा साहित्य-व्यवहार.

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याच्या आईचा फोन आला. काकू सांगोल्याजवळच्या गावात राहतात. म्हणाल्या, “त्याचं काही लिहिलेलं तुझ्याकडं हाय म्हणं?”

शोधलं. एकसष्ट मेल निघाल्या. २०१२ ते २०२०.

आता लावायच्या कशा? मी दोन संध्याकाळ स्क्रीनसमोर बसून होते. प्रेमाच्या वेगळ्या, ऑफिसच्या वेगळ्या? उत्तम आधी? मी कोण ठरवणार? त्याला विचारायची सोय नव्हती. शीर्षकं नव्हती, वह्या नव्हत्या. खात्रीचं म्हणावं असं एकच होतं, प्रत्येक मेलवरची तारीख. आणि मला जेमी कॉपीवेल आठवला. मी बारा फोल्डर केले. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. वर्ष कुठलंही असो, मार्चची कविता मार्चमध्ये.

एवढं केलं आणि मेलच्या ढिगातून एक माणूस दिसायला लागला. मार्चमध्ये सर्वांत जास्त कविता, अकरा. म्हणजे कामाचा डोंगर जेवढा उंच तेवढं याचं लिहिणं जोरात! ऑक्टोबरच्या सगळ्या उकाड्याच्या आणि लोकलच्या. डिसेंबरमध्ये तो दरवर्षी उदास असायचा, ते मला शेजारी बसूनही कळलं नव्हतं, इतका तो हसायचा.

२०२२ च्या जानेवारीपासून दर एक तारखेला मी त्या-त्या महिन्याच्या कविता मोठ्या टाइपात छापून काकूंना पाठवायला लागले. पहिलं पाकीट पोचल्यावर फोन आला. मी उत्साहात सांगायला लागले, की काकू, दुसरी कविता फार चांगली आहे, त्यात त्याने... त्यांनी मला मध्येच थांबवलं.

“चांगली हाय का वाईट, ते ऱ्हाऊ दे. कधीची हाय, ते सांग.”

तारीख सांगितली. त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, की त्या महिन्यात त्याच्या वडिलांचं ऑपरेशन झालं होतं. कवितेत ऑपरेशनचा एक शब्द नव्हता. पण त्यांना ती कविता माझ्यापेक्षा जास्त कळली होती.

वोटी आणि फॉक्सचं पुढे काय झालं, तेही सांगते. कॅलेंडरनंतर हुरूप येऊन त्यांनी १७६४ मध्ये ‘पोएटिकल मॅगेझिन’ नावाचं मासिक काढलं. जानेवारी ते जून, सहा महिने चाललं. जुलै उजाडलाच नाही. वोटी पुढे एका अर्लच्या पदरी राहिला आणि १७९१ मध्ये गेला. आज त्याचं नाव प्राध्यापक मंडळींखेरीज फारसं कुणाला ठाऊक नाही. पण त्याने जागा दिलेला कॉलिन्स टिकला.

जुलैवरून आठवलं. माझ्याही फोल्डरांत एक रिकामा निघाला, जुलैचा. नऊ वर्षांत एकही मेल नाही. मी एक जुलैला कोऱ्या कागदावर नुसतं ‘जुलै’ लिहिलं आणि पाकीट पाठवून दिलं. नाही पाठवलं तर काकू वाट बघत बसतील, म्हणून.

चार दिवसांनी त्यांचा फोन. आवाज नेहमीपेक्षा हलका होता. “अगं, जुलैत कशाला लिवील त्यो? आषाढीला घरी असायचा की माझ्यापाशी.”