मागची खुर्ची

‘एलिफंट बॉय’ या सिनेमावर तिने दोन पानं लिहून आणली. वाचून मी चष्मा काढून ठेवला. एकही वाक्य तिचं नव्हतं, सगळी माझी होती.

शेजारची नववीतली मुलगी. वर्षभर माझ्याकडे सिनेमावर लिहायला शिकते आहे. सिनेमा लावण्याआधी मी तिला अर्धा तास त्यातला बालनायक साबू ऐकवला होता. आपल्या म्हैसूरजवळच्या कारापूरचा, जन्म १९२४चा, बाप महाराजांच्या पदरी माहूत. पोरक्या पोराला बोराडेल या छायाचित्रकाराने हेरलं आणि कबिनीकाठचं ते पोर लंडनला, पुढे हॉलिवूडला पोहोचलं. मग दिग्दर्शक फ्लॅहर्टीचा म्हैसूरच्या चित्तरंजन महालातला मुक्काम, मग १९३७ला व्हेनिसमध्ये मिळालेलं दिग्दर्शनाचं पारितोषिक. एवढं सगळं सांगायची गरज नव्हती. मला किती ठाऊक आहे, हे तिला कळायला हवं होतं.

आमच्या घरात मराठी, दाराबाहेर कन्नड; पण साबू दोन्हीकडे आपलाच. तीस वर्षं मी हा सिनेमा ‘मुलांना घेऊन बघावा असा’ म्हणून लिहीत आलो. तिची पानं वाचताना कळलं, मी सिनेमाचं परीक्षण कधी केलंच नव्हतं. एका मुलाच्या नशिबाचं कौतुक करत होतो.

मग सिनेमाला नाव कमावून देणारं नेमकं त्यात काय आहे? इथे मी पुन्हा पुन्हा अडकतो. फ्लॅहर्टीने इथे वर्षभराहून जास्त चित्रण केलं, पण त्याला गोष्ट सापडेना. निर्माता अलेक्झांडर कोर्डा वैतागला, त्याने सगळ्यांना परत बोलावलं, आणि त्याच्या भावाने, झोल्टानने, डेनहॅमच्या स्टुडिओत किपलिंगची गोष्ट त्यावर कलम केली. कारापूरचं ऊन आणि डेनहॅमचे दिवे एकमेकांत मिसळत नाहीत. तो सांधा शोधत मी हा सिनेमा किती वेळा थांबवून, मागे नेऊन पाहिला, त्याला गणती नाही. कुठला तुकडा कुणाचा, हे डोळे मिटून सांगेन, असं मी एका व्याख्यानात ठणकावलं होतं. टाळ्या पडल्या होत्या. त्या अजून आठवतात.

पण ज्याच्यासाठी सिनेमा केला, त्या मुलाला सांधा दिसतो का? की त्याला फक्त कंटाळा येतो?

तिचा धाकटा भाऊ त्या दिवशी तिथेच होता. साबूचं पुराण सुरू होतं तेव्हा तो अंगणात होता, त्यामुळे त्याच्या कानावर काही पडलेलं नव्हतं. सिनेमा चालू असताना तो चार वेळा उठून गेला. दोनदा साहेब लोक तंबूत बोलायला लागले तेव्हा. ते माझ्या हिशेबात बसलं. तिसऱ्यांदा का गेला, मला कळलं नाही. चौथ्यांदा गेला तो खेड्डा चालू असताना! रानहत्तींचा कळप, हाकारे, धूळ; ज्या भागाला मी छापील लेखांत सिनेमाचं शिखर म्हटलं, तोच. तिथे साबू नव्हता. साबू हत्तीच्या मानेवर दिसला की पोरगा परत येऊन मांडी घालून बसायचा.

म्हणजे फ्लॅहर्टी अस्सल आणि कोर्डा बनावट, ही माझी वाटणी निदान त्या पोरापुढे टिकली नाही. मग टिकतं ते काय, फक्त साबू? ज्याला मी सिनेमाबाहेरचं म्हणून बाजूला काढू पाहत होतो, तोच?

हल्ली जुन्या सिनेमावर लिहिणारे दोनच प्रकारचे. एक लहानपणी पाहिला म्हणून चार तारे देतात, दुसरे आजच्या संगणकी चमत्कारांशी ताडून जुन्याला हसतात. दोघांचाही मला राग येतो. पहिल्या रांगेत मी स्वतः बसलोय, हे कळल्यापासून जरा जास्तच.

गेल्या रविवारी तिला ‘द थीफ ऑफ बगदाद’ दाखवला, १९४०चा. साबूच, पण मी नावसुद्धा घेतलं नाही. तीन दिग्दर्शक, युद्धामुळे अमेरिकेत नेऊन पुरं केलेलं काम, तीन ऑस्कर, सगळं गिळून बसलो. समुद्रकाठी बाटलीतून काळा धूर उसळला, जिन आभाळाएवढा झाला, आणि नेमक्या त्या क्षणी तिने मान वळवून माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी उठलो, खुर्ची उचलून तिच्या मागे नेऊन ठेवली आणि दिवा घालवला.