एकवीस हजारांची मर्यादा

तहसील कार्यालयातील ज्या मेजावर माझ्या नोकरीची अखेरची वर्षे गेली, त्याला कचेरीत सारे ‘संगायो’ म्हणत. 1980 पासून चालत आलेल्या संजय गांधी निराधार अनुदान योजनेबरोबरच पासष्टी गाठलेल्या वृद्धांच्या श्रावणबाळ निवृत्तिवेतनाचे अर्जही तेथेच येत. आणि मंजुरी-नामंजुरीचा ठराव अशासकीय अध्यक्षांच्या तालुका समितीत होत असला, तरी समितीपुढे कोणते प्रकरण जावे आणि कोणते त्रुटीचा शेरा मारून परत करावे, हे बव्हंशी आम्हां कारकुनांच्या छाननीतच ठरून जाई.

वयाचा प्रश्न पहिला. आधारपत्रावर 1 जानेवारी ही जन्मतारीख असलेले इतके वृद्ध माझ्यापुढून गेले की, आमच्या तालुक्यात एके काळी नववर्षदिनीच बाळंतपणे होत असावीत, असा एखाद्या परक्याचा समज झाला असता. 2018 साली आलेल्या एका आजींच्या पत्रावर जन्मवर्ष 1958 होते, म्हणजे त्या साठीच्या. पण “बहात्तरच्या दुष्काळात थोरला खडी फोडायच्या कामावर माझ्यासंगं चालत यायचा, अन् धाकटा झोळीत असायचा, साहेब,” असे त्या ठासून सांगत होत्या. कागद खरा मानावा, तर चौदाव्या वर्षी त्या दोन लेकरांच्या माता ठरत होत्या! ग्रामीण रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा वयाचा दाखला नियमाला चालतो, हे ठाऊक असल्यामुळे त्यांना तिकडे पाठविले आणि प्रकरण मार्गी लागले. ज्यांना तसे सांगणारे कोणी भेटत नसे, ते मुकाट्याने परत फिरत.

वयाला निदान वैद्यकाचा तोडगा होता; उत्पन्नाला तोही नव्हता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांपेक्षा अधिक नसावे, अशी अट. रोजगार हमीची मजुरी 2024-25 साली आपल्या राज्यात दिवसाला 297 रुपये होती. म्हणजे घरातील एकाच माणसाने वर्षाचे हक्काचे शंभर दिवस काम केले, तर 29,700 रुपये होऊन ते कुटुंब शासनाच्याच कामावर राबल्याने शासनाच्या लेखी अपात्र ठरावे! अर्थात तसे कोणी ठरत नसे, कारण तलाठ्याच्या चौकशी अहवालात आणि त्यावरून निघणाऱ्या दाखल्यात उत्पन्नाचा आकडा वीस हजारांच्या आसपासच येऊन थांबे. पुण्यात रखवालदारी करणाऱ्या मुलाची शिधापत्रिका अर्जापूर्वी विभक्त होई, मग चूल एक असो वा दोन. तलाठी, अर्जदार, समिती आणि मी, सर्वांनाच त्या आकड्याची सत्यता ठाऊक होती. प्रामाणिकपणे अठ्ठावीस हजार सांगणारी एखादी बाई मात्र निश्चितपणे अपात्र होई, आणि तिच्या अर्जावर तसा शेरा लिहिताना माझा हात जड होई.

एकदा मंजुरी मिळाली म्हणजे प्रकरण मिटले, असेही नाही. दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागे. आयुष्यभर खुरपे धरून बोटांच्या रेषा झिजलेल्या माणसांचा अंगठा यंत्र ओळखत नसे, आणि मग जिवंत माणूस समोर उभा असूनही त्याच्या जिवंतपणाची खातरजमा करण्यास दुसरा कागद शोधावा लागे. मयत लाभार्थ्यांच्या नावे रक्कम जाऊ नये म्हणून फेरतपासणी हवीच, याविषयी दुमत नाही. परंतु त्या तपासणीत मृत जितके गळत, तितकेच अंथरुणाला खिळलेलेही गळत, आणि गळलेल्याचे अनुदान पुन्हा सुरू होईपर्यंत कित्येक महिने उलटत.

अनुदान सहाशेचे हजार झाले आणि 2023 मध्ये दीड हजार. मी निवृत्त होईपर्यंत विधवांना व वृद्धांना लागू असलेली 21,000 ची मर्यादा मात्र जागची हलली नव्हती. तालुका समित्यांवर बसणाऱ्या सदस्यांना माझी एवढीच विनंती आहे की, पुढच्या बैठकीत अर्ज हाती घेण्यापूर्वी ही मर्यादा निदान रोजगार हमीच्या शंभर दिवसांच्या मजुरीइतकी करावी, असा ठराव लिहून शासनाकडे पाठवावा.