वाढलेल्या बांगड्या

दोरी ओळखली की साप नाहीसा होतो, हा वेदान्त्यांचा लाडका दृष्टान्त चंडीगढच्या रॉक गार्डनमध्ये लंगडा पडतो. रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी सरकारी जमिनीवर वर्षानुवर्षे गुपचूप रचलेली ही मूर्तिसृष्टी १९७६ मध्ये लोकांस खुली झाली. तेथील काही स्त्रीमूर्तींची वस्त्रे म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. (मराठी गृहिणी 'फुटक्या' म्हणणार नाही, तिची बांगडी 'वाढते'!) प्रेक्षक जवळ जातो, काच ओळखतो, चार पावले मागे सरताच पुन्हा वस्त्रच दिसते. ज्ञानाने हा भास बाधित होत नाही. सुट्या तुकड्यांतून सलग आकृती घडविताना दृष्टी बुद्धीची परवानगी मागत नाही. अधिकाऱ्यांना मात्र तेथे प्रथम अतिक्रमणच दिसले होते; आणि तो काही भास नव्हता.